पाय, झडप आणि मधली तार

आमचे एक स्नेही आहेत. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मुलाने त्यांना हौसेने मोटार घेऊन दिली आणि तेव्हापासून मोटार हाच त्यांचा संसार झाला आहे. गेल्या वर्षी एके सकाळी ते आमच्याकडे आले आणि काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक काळी डबी त्यांनी टेबलावर ठेवली. डबीला दोन्ही बाजूंस तारांची शेपटे होती. "अहो, एवढीशी वस्तू, पण गाडीचे घोडे दीडपट झाले बघा!" असे ते म्हणाले. किंमत विचारली तेव्हा मात्र ते जरा चाचरले. ती किंमत आम्ही येथे सांगत नाही. घरी त्यांनी ती कमी करून सांगितली आहे, आणि हा लेख त्यांच्या घरीही वाचला जाईल.

ही डबी मोटार बनवणाऱ्या कारखान्यातून येत नाही. ती बाहेरच्या बाजारात मिळते. ऍक्सिलरेटरच्या पेडलापाशी किंवा इंजिनाच्या झडपेपाशी जो सेन्सर असतो, त्याच्या आणि गाडीतल्या संगणकाच्या मध्ये ती घुसवायची. सेन्सर म्हणतो एक आणि ही मधली मंडळी संगणकाला सांगतात दुसरे. कोर्टकचेरीत मध्यस्थांचा हा प्रकार आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. प्रश्न एवढाच, की अशी वाढवून सांगितलेली गोष्ट ऐकून इंजिनाची शक्ती खरोखर वाढते काय? उत्तर 'नाही' असे आहे आणि ते एका शब्दात संपण्याजोगे आहे. परंतु मौज अशी, की आमच्या स्नेह्यांना जे जाणवले तेही खोटे नव्हते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात, हे कळण्यासाठी माणसाचा पाय आणि इंजिन यांच्यामधले अंतर गेल्या सव्वाशे वर्षांत कसकसे वाढत गेले, हे पाहणे भाग आहे.

प्रथम एका शब्दाचा विचार करू. 'थ्रॉटल' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ गळा, आणि क्रियापद केले तर गळा आवळणे. आज हा शब्द आपण वेगाशी जोडतो. 'फुल थ्रॉटल' म्हटले की वाऱ्यासारखी धावणारी गाडी डोळ्यांपुढे येते. वास्तविक ही झडप इंजिनाला जोर देण्यासाठी नसून त्याचा श्वास कोंडण्यासाठी आहे. जेम्स वॉट याने १७८८ साली आपल्या वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा नियामक जोडला, तो नळीतल्या अशाच एका झडपेची उघडमीट करी. इंजिन फार पळू लागले की गोळे बाहेर फाकत, झडप मिटत येई आणि वाफ कमी पडून इंजिन ताळ्यावर येई. पेट्रोलच्या इंजिनाने हीच झडप उचलली. फक्त वाफेच्या जागी हवा आली. एक किलो पेट्रोल नीट जाळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोल जळते, तेव्हा इंजिन सुमारे नऊ हजार लिटर हवा गिळते! पेट्रोल हे त्या मानाने फोडणीपुरते. इंजिनात हवा किती गेली, यावर त्याचा जोर ठरतो. झडप मिटलेली असेल तेव्हा गळा आवळलेला, आणि पेडल तळाला टेकले म्हणजे गळ्यावरचा हात पुरता काढून घेतलेला. हात पुरता काढून घेतल्यावर आणखी काय काढणार? आमच्या विषयाचे सारे मर्म येथे आहे, आणि वाचकांनी ते गाठीशी बांधून पुढे यावे.

वॉटचे नाव निघाले, तेव्हा दुसरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'अश्वशक्ती' हे माप त्याचेच. खाणींचे आणि कारखान्यांचे मालक त्याला विचारीत, की तुमचे यंत्र आमच्या किती घोड्यांचे काम करील? त्याने घोड्याच्या कामाचा हिशेब मांडून मिनिटाला ३३,००० फूट-पौंड, म्हणजे ३३,००० पौंडांचे ओझे मिनिटात एक फूट उचलण्याइतके काम, हे एका घोड्याचे माप ठरवले. पहिल्यापासून हे माप गिऱ्हाइकाची समजूत पटवण्यासाठी जन्मले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. परंतु विकणाऱ्याने सांगितलेले घोडे मोजायचे कसे? ते काम फ्रान्समधल्या प्रोनी नावाच्या अभियंत्याने केले. १८२१ साली त्याने फिरत्या दांड्याला लाकडी ठोकळ्यांनी कवळले, त्या ठोकळ्यांना एक लांब दांडी बांधली आणि तिच्या टोकाला वजने टांगली. ठोकळे दांड्याला घासतात, दांडी फिरू पाहते आणि वजन तिला धरून ठेवते. वजन, दांडीची लांबी आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार केला की इंजिनाच्या जोराचा हिशेब हाती येतो. किती साधी युक्ती! येथे इंजिनाच्या मालकाला काय वाटते, हे कोणी विचारीत नाही. आज आमच्या पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाला, १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत इंजिने तपासली जातात. तेथली यंत्रे फार सूक्ष्म आहेत, पण त्यांच्यामागचे तत्त्व त्या फ्रेंच माणसाच्या लाकडी ठोकळ्यांचेच.

आता मोटारीकडे वळू. आरंभीच्या काळात पाय आणि इंजिन यांचा संबंधच नव्हता. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या 'टी' मोटारीत थ्रॉटलची दांडी सुकाणूच्या खाली उजव्या हाताला असे आणि डाव्या हाताच्या दांडीने ठिणगीची वेळ मागेपुढे करीत. पायाखाली तीन पेडले होती खरी, पण त्यांतले एकही वेगाचे नव्हते. पुढे वेगाचे काम हातांकडून पायाकडे गेले. पेडलापासून झडपेपर्यंत लोखंडी सळया आल्या, आणि नंतर सायकलच्या ब्रेकला असते तशी नळीतून जाणारी तार आली. ही तार बोडेन या गृहस्थाच्या नावाने ओळखली जाते आणि तिचे पेटंट १८९६ चे आहे. या व्यवस्थेत एक प्रामाणिकपणा होता. पायाने बोटभर ढकलले की झडप तेवढी उघडणारच. मध्ये कोणी विचार करणारा नव्हता. तार सैल पडली तर मिस्त्री ती ओढून देई, आणि गाडी 'हलकी' झाली म्हणून मालक खूश होई. शक्ती तेव्हाही वाढलेली नसे. पेडलाची पोकळ चाल तेवढी गेलेली असे. आमच्या स्नेह्यांच्या डबीचे पूर्वज आम्हांस या तार ओढून देणाऱ्या मिस्त्रीत दिसतात. फरक इतकाच, की मिस्त्री चहाच्या पैशांत काम करी.

झडपेपाशी विजेचा पाहुणा आला तो १९५७ साली, अमेरिकेत. बेंडिक्स कंपनीने 'इलेक्ट्रोजेक्टर' नावाची विजेवर चालणारी इंधन-फवारणी जाहीर केली. क्रायस्लरने १९५८ च्या आपल्या थोड्या गाड्यांना ती बसवलीही. पण त्या काळच्या विजेच्या भागांना मोटारीतली उष्णता आणि हादरे सोसेनात, आणि त्यांतल्या बहुतेक गाड्यांना पुन्हा कार्ब्युरेटर लावून द्यावे लागले. तिची पेटंटे पुढे जर्मनीच्या बॉश कंपनीच्या हाती आली, आणि १९६७ साली फोक्सवॅगनच्या १६०० या गाडीवर बॉशची फवारणी चालू झाली. कार्ब्युरेटरात हवा स्वतःच पेट्रोल ओढून घेई. आता मध्ये एक हिशेबनीस बसला. या हिशेबनिसाला बातम्या हव्या होत्या. इंजिन किती फेरे करते, नळीतला दाब किती, हवा गार आहे की गरम. त्यांतच झडपेच्या कण्यावर एक लहान विजेची कळ बसवली होती. चालकाने झडप एकदम उघडली की ती टकटक असे इशारे पाठवी, आणि हिशेबनीस वेगाच्या त्या क्षणापुरते थोडे अधिक पेट्रोल सोडी. थ्रॉटल सेन्सरचे घराणे येथून सुरू होते. पुढे त्या कळीच्या जागी विजेचा दाब थोडाथोडा बदलून सांगणारा सेन्सर आला. झडप मिटलेली असता साधारण अर्धा व्होल्ट, पुरती उघडली की साडेचार व्होल्टच्या आसपास, अशी त्याची भाषा.

येथे लबाडीला पहिल्यांदा जागा मिळाली. दोन व्होल्टच्या जागी तीन सांगितले तर? पण विचार करून पाहा. झडप आहे तेवढीच उघडी आहे. हवा वाढलेली नाही. फार तर काय होईल, की हिशेबनीस फसून थोडे अधिक पेट्रोल ओतील. पूर्ण जोरात इंजिनाला पेट्रोल किंचित अधिक मिळाले तर जोर थोडा वाढतो, हे खरे आहे. परंतु पेडल तळाला नेले की मूळचा संगणक तेवढे पेट्रोल आपण होऊनच देतो. एरवी चालताना अधिक ओतले तर ते वाया जाते आणि धूर होतो. शिवाय १९७६ साली व्होल्व्होने कॅलिफोर्नियात विकायच्या गाड्यांच्या धुराच्या नळीत प्राणवायूचा सेन्सर बसवला, आणि पुढे ती रीत जगभर झाली. हा सेन्सर जळून बाहेर पडलेला धूर हुंगतो आणि मिश्रण चुकले असेल तर तक्रार करतो. मग संगणक ती चूक दुरुस्त करतो. म्हणजे मध्यस्थाने दिलेली खोटी बातमी संध्याकाळपर्यंत उघडी पडते. आणि झडप पुरती मिटलेली असता जर डबी 'थोडी उघडी आहे' असे सांगू लागली, तर उभ्या गाडीचे इंजिन चढेल किंवा गचके देईल, ते निराळेच. याच जातीची आणखी एक युक्ती बाजारात येऊन गेली. हवेच्या उष्णतेचा सेन्सर काढून त्या जागी एक क्षुल्लक रोधक बसवायचा, म्हणजे संगणकाला वाटावे की बाहेर कायमचा पौष महिना आहे! गार हवा दाट असते म्हणून तो अधिक पेट्रोल सोडील, अशी ही अटकळ. नागपूरच्या उन्हात इंजिनाला काश्मीर दाखवून हवा काही दाट होत नाही.

पाय आणि झडप यांची खरी ताटातूट मात्र १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाली. बॉशच्या यंत्रणेने बीएमडब्ल्यूच्या मोठ्या गाड्यांत तार काढून टाकली. पेडलाखाली सेन्सर, झडपेवर एक लहान विजेची मोटर आणि दोघांच्या मध्ये संगणक अशी मांडणी झाली. १९९७ साली अमेरिकेची कॉर्व्हेट ही गाडी तशीच निघाली, आणि एकविसाव्या शतकात साध्या गाड्यांतही ती व्यवस्था आली. आता आपण पेडल दाबतो ते झडप उघडण्यासाठी नव्हे. आपण एक अर्ज करतो. 'मला इतका जोर हवा' असा तो अर्ज. संगणक तो वाचतो, गिअर कोणता, इंजिन तापले आहे काय, चाके घसरत आहेत काय, धुराचे नियम काय म्हणतात, हे सारे पाहतो आणि मग झडप किती उघडायची ते ठरवतो. पुष्कळ गाड्यांत पेडलाच्या पहिल्या भागात झडप जाणूनबुजून हळू उघडतात, म्हणजे गर्दीत गाडी उडी मारीत नाही आणि पेट्रोलही वाचते. चालकाला मात्र वाटते की गाडी सुस्त आहे. अर्ज दिला, पण साहेब सही करीत नाही!

हल्लीच्या डब्या बहुतेक या दुसऱ्या जागी बसतात. पाय अर्धा दाबला असता त्या संगणकाला 'ऐंशी टक्के दाबला' असे सांगतात. झडप खरोखर अधिक उघडते, गाडी खरोखर झेप घेते आणि पाठ आसनाला टेकते. स्वयंचलित गिअरच्या गाडीत तर गिअरही उशिरा बदलतो, कारण त्याला वाटते चालक घाईत आहे. माणसाला वेगापेक्षा वेगातला बदल अधिक जाणवतो. पहिल्याच बोटभर चालीत एवढा बदल मिळाला, की मन म्हणते गाडीत नवे घोडे आले. वास्तविक तेच घोडे पेडलाच्या तळाशी पहिल्यापासून बांधलेले होते. डबीने त्यांना दाराशी आणून उभे केले, आणि मागचा तबेला रिकामा झाला. पेडलाच्या शेवटच्या भागात मग काहीच उरत नाही. पाय तळाला टेकवला, की डबी असो वा नसो, संगणकाला कळते ते शंभर टक्केच. शंभराचे एकशेदहा सांगण्याची सोय त्या भाषेत नाही. कोणी सांगितलेच तर संगणक तो सेन्सर बिघडला असे समजून गाडी रांगत नेतो.

या गोष्टी कळणे इतके अवघड नाही. मग हा व्यापार चालतो कसा? तो जुना आहे, एवढे म्हणता येईल. १९३० च्या दशकात कॅनडातल्या विनिपेग येथील पोग नावाच्या संशोधकाने गॅलनला २०० मैल देणाऱ्या कार्ब्युरेटरचा डंका वाजवला, पेटंटेही घेतली. तटस्थ माणसांसमोर ते मैल कधी सिद्ध झाले नाहीत. पण तेलकंपन्यांनी ते दडपले, ही वदंता मात्र अजून जिवंत आहे. १९७३ च्या अरब देशांच्या तेलबंदीनंतर अमेरिकेत अशा उपकरणांचे पेव फुटले, आणि तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कायद्यानुसार ती तपासण्यास घेतली. तिने शंभरावर उपकरणे तपासली. पेट्रोलची म्हणण्याजोगी बचत करील असे त्यांत एकही निघाले नाही. चुंबके होती, हवेला भोवरा देणारे पंखे होते, पेट्रोलात टाकायच्या गोळ्या होत्या. प्रत्येकाच्या जाहिरातीत समाधानी गिऱ्हाइकांची पत्रे होती आणि ती पत्रे बहुधा खरीही असावीत. पैसे खर्च केल्यावर माणूस गाडी जपून चालवतो आणि कान देऊन ऐकतो. सुधारणा होते ती त्याच्यात.

तथापि सगळ्या डब्यांना एकाच काठीने हाकणे अन्यायाचे होईल. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली, बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर आत येणारी हवा कोंबण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यालाच आज टर्बो म्हणतात. टर्बो असलेल्या इंजिनात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. तिथे डबी बसवून 'दाब कमी आहे' असे खोटे सांगितले, तर संगणक टर्बोला अधिक हवा कोंबू देतो, आणि तेव्हा शक्ती मापावरही वाढलेली दिसते. दिसायला डबी तशीच, तारा तशाच; पण ती हवेच्या वाटेवर बसली आहे, पायाच्या वाटेवर नव्हे. अर्थात त्याची किंमत इंजिन देते, कारण कारखान्याने जी मर्यादा घातली ती काही मत्सराने घातलेली नसते. तेव्हा दुकानदाराला घोडे किती वाढतील हे विचारण्यापेक्षा, ही तार कोणत्या सेन्सरची, एवढे विचारावे. त्याच्या चेहऱ्यावर उत्तर सापडते.

राहता राहिला धोक्याचा प्रश्न, आणि तो थट्टेचा नाही. पेडलाखाली एकाऐवजी दोन सेन्सर असतात. दोघांची साक्ष जुळली तरच संगणक विश्वास ठेवतो. २००९-१० साली टोयोटाच्या गाड्या आपोआप धावत सुटतात अशी अमेरिकेत मोठी ओरड झाली. सरकारने 'नासा'च्या अभियंत्यांना तपासास बसवले. २०११ च्या फेब्रुवारीत त्यांचा अहवाल आला. अशा अनावर वेगाचे कारण म्हणून विजेच्या यंत्रणेतला दोष त्यांना सापडला नाही. पायपोसात अडकणारी आणि चिकटून बसणारी पेडले ही कारणे आधीच पुढे आली होती. एका साध्या पेडलाविषयी एवढा पंक्तिप्रपंच करावा लागला! आणि आपण त्याच दोन साक्षीदारांच्या मध्ये, कोणी तपासली हे ठाऊक नसलेली एक डबी बसवतो, जी दोघांनाही एकच पढवलेली साक्ष द्यायला लावते. बहुतेक डब्या आपले काम बिनबोभाट करीत असतील. परंतु पावसाळ्यात जोडाला ओल लागली म्हणजे काय होईल, याची हमी बाजारात कोण देतो? गाडी हमीच्या मुदतीत असेल तर कारखानाही अशा वेळी बोट दाखवायला मोकळा होतो.

आमच्या स्नेह्यांना हे सारे ऐकवले. ते म्हणाले, "तुमचे शास्त्र असू द्या, मला जाणवते त्याचे काय?" आम्ही म्हटले, प्रोनीचे ठोकळे काही आपल्यापाशी नाहीत, पण घड्याळ आहे. एका रविवारी पहाटे गावाबाहेरच्या मोकळ्या, सपाट रस्त्यावर गेलो. तिसरा गिअर, चाळीसचा वेग, पेडल तळाला, आणि ऐंशीचा काटा येईपर्यंतची वेळ. तीनदा डबी लावून, तीनदा काढून. सहाही वेळांत जो फरक पडला, तो आमच्या अंगठ्याच्या घाईपेक्षा अधिक नव्हता. स्नेही हिरमुसले. मग त्यांनीच एक कल्पना काढली. सुताराकडून आणलेला लाकडाचा एक तुकडा पेडलाखाली ठेवला, म्हणजे पाय अर्ध्यावरच अडेल, आणि पुन्हा मोजले. या वेळी डबी लावलेली गाडी सरळ पुढे! घड्याळ पाहण्याचीही गरज पडली नाही. "बघा!" ते म्हणाले. आम्ही तुकडा काढून घेतला, डबीही काढली आणि त्यांना पाय थोडा अधिक दाबण्यास सांगितले. गाडी तशीच पळाली. ते काही वेळ गप्प राहिले.

परतताना त्यांनी डबी पुन्हा बसवली, मात्र तिची कळ सर्वांत मवाळ खुणेवर ठेवली. आम्ही काही विचारण्यापूर्वीच ते म्हणाले, "अहो, घोडे नसतील वाढले, पण माझा उजवा गुडघा दुखतो, आणि घाटात पाय कमी दाबावा लागतो एवढे तर तुम्हीच सिद्ध केलेत ना?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. घरी मात्र त्यांनी अद्याप खरी किंमत सांगितलेली नाही.